गॅस्केट परत परत उडतंय, क्लच प्लेट बसत नाही? आधी गाडीचं खरं साल काढा (एमजी टीडी आणि टीसी वाल्यांसाठी)

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात कुणाच्या ना कुणाच्या वाड्यात, गोठ्यात नाहीतर राईस मिलच्या शेडमध्ये एखादी जुनी दोन सीटची एमजी (इंग्लंडची स्पोर्ट्स गाडी; टीसी, टीडी, टीएफ ही तिची एकामागनं एक आलेली मॉडेलं) झाकून ठेवलेली निघते, आणि ती बाहेर काढली की सगळ्यांचं दुखणं एकच असतंय. पार्ट मागवला, बसला नाही. बसवला तर टिकला नाही. परत मागवला, परत तेच. मिस्त्री म्हणतो पार्ट डुप्लिकेट, पार्टवाला म्हणतो मिस्त्री कच्चा, आणि गाडी परत ताडपत्रीखाली. माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात छोटं लेथचं काम आहे, आणि आमच्या घरातल्याच एका टीडीवर मी दीड वर्ष याच चक्रात घालवलंय, म्हणून जे कळलं ते सगळं इथं सविस्तर लिहितोय.

गाडी माझ्या आतेभावाची, खानापूर तालुक्यातली. त्याच्या आजोबांनी मुंबईहून आणलेली, पन्नास वर्षं तरी जागेवरनं हलली नव्हती. इंजिन उघडलं, बोअर बरे निघाले, रिंगा नवीन टाकल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधला सील) नवीन मागवलं, आणि पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात टेंपरेचर चढलं आणि मागच्या दोन सिलिंडरच्या मध्ये पाणी पाझरायला लागलं. मला वाटलं हेड वाकडं. सरफेस प्लेटवर फीलर गेजनं बघितलं, किंचित होतं, घासून सरळ केलं. दुसरं गॅस्केट. दोन आठवड्यांत तेच. तिसऱ्या वेळी हेड प्रेशर टेस्टला दिलं, आपल्याकडं हायड्रॉलिक्सची कामं करणारे इतके आहेत की ती सोय घराशेजारी आहे, हेडला कुठं तडा नाही. तिसरं गॅस्केट पण गेलं. त्यात क्लच प्लेट मागवलेली ती फ्लायव्हीलपेक्षा मोठी निघाली, आणि स्पार्क प्लग एकदा बसवले ते काढताना हेडचे आटे ओढून घेऊन आले. तीन वेगवेगळे फॉल्ट म्हणून मी तीन वेगवेगळ्या दिशांनी धावत होतो.

तिन्हीचं कारण एकच निघालं आणि ते इंजिनमध्ये नव्हतंच, आरसीत होतं.

दादाला, म्हंजे त्या आतेभावाला, फोन केला, म्हटलं आरसी बघून साल सांग बघू. तो म्हणाला, "आरं छप्पन लिवलंय की, तुला तवाच सांगितलं न्हवं का." हो, सांगितलं होतं, आणि मी पार्ट मागवताना तेच पुढं सांगितलं होतं, १९५६ ची एमजी. आता ज्यांना या गाड्या माहीत आहेत त्यांच्या लक्षात आलं असेल. टीडी हे मॉडेल नोव्हेंबर १९४९ मध्ये सुरू झालं आणि १९५३ मध्ये बंद झालं. त्यानंतर टीएफ आली ती १९५५ पर्यंत, आणि १९५५ लाच एमजीए. म्हंजे १९५६ ची टीडी जगात असूच शकत नाही. पार्टवाल्यानं १९५६ ऐकलं, फोटोत चौकोनी रेडिएटर आणि जुन्या पद्धतीची बॉडी बघितली, आणि सगळ्यात शेवटच्या टाईपचा माल पाठवला, टीएफचा. त्याची चूक नाही. चुकीचं साल मी दिलं.

मग हे छप्पन आलं कुठनं? आपल्या भागाचा इतिहास इथं गाडीच्या कागदात घुसलाय. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्या दिवशी म्हैसूर राज्यात गेला. मुंबईच्या नंबरची गाडी, नंतर इकडं नव्यानं नोंद, मूळ पुस्तक कधीतरी भिजलं, मग डुप्लिकेट पुस्तक, आणि प्रत्येक वेळी हातानं उतरवून काढलेलं. उतरवणाऱ्यापुढं जी तारीख असते ती नोंदीची, तीच उत्पादनाच्या रकान्यात जाऊन बसते. आमच्या पुस्तकात तरी असंच झालंय, दोन रकान्यांत एकच साल, वेगळ्या शाईत. त्यामुळं जुन्या गाडीच्या कागदावर पहिल्यांदा हे बघा की उत्पादनाचं साल आणि नोंदीचं साल सारखंच आहे काय. सारखं असलं तर खरं असेलही, पण तपासल्याशिवाय धरू नका.

आकड्यांचा आणखी एक घोळ आहे, तो मराठी लिहिणाऱ्यांनाच कळेल. आपला ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नऊसारखा. जुन्या वहीत, सर्व्हिसच्या पावतीवर, विम्याच्या कागदावर कुणी चॅसी नंबर देवनागरी आकड्यांत लिहिलेला असतोय आणि पुढचा माणूस तो इंग्रजीत उतरवताना चाराचा आठ आणि एकाचा नऊ करतो. आमच्याच एका पावतीवर आणि आरसीवर शेवटचा आकडा वेगळा आहे, चॅसीवर जाऊन बघितलं तेव्हा कळलं की पावती बरोबर आणि आरसी चूक. नंबर जुळत नाही म्हणून गाडी सोडून देण्याआधी हे एकदा डोळ्याखालनं घाला.

आता खरं साल कसं काढायचं, हे जरा नीट वाचा, कारण हे एकदा जमलं की पुढची निम्मी डोकेदुखी जाते.

एमजीच्या या गाड्यांचा चॅसी नंबर ० किंवा १ पासनं सुरू होत नाही, २५१ पासनं सुरू होतो. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या एमजी कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता, म्हणून या मॉडेलांची पहिली गाडी ०२५१. टीसीचं तसंच, टीडीचं तसंच. म्हणून नंबरातनं २५० वजा केले की गाडी कितवी ते मिळतं. टीडीचे वर्षाचे आकडे असे आहेत: १९४९ मध्ये ९८ गाड्या, १९५० मध्ये ४,७६७, १९५१ मध्ये ७,४५१, १९५२ मध्ये १०,८३८ आणि १९५३ मध्ये ६,५१०, एकूण २९,६६४. म्हंजे साधारण ३४८ पर्यंतचा नंबर १९४९ चा, ५,११५ पर्यंत १९५०, साडेबारा हजारापर्यंत १९५१, २३,४०० पर्यंत १९५२, आणि त्यापुढं १९५३. हद्दीजवळचा नंबर असला तर एक साल इकडं किंवा तिकडं धरा, पण पाच वर्षांचा फरक कधीच पडणार नाही.

आमचा नंबर सात हजार तीनशेच्या आसपासचा. २५० गेले, उरले सात हजार पन्नास. १९४९ आणि १९५० च्या मिळून ४,८६५ काढल्या, उरल्या साधारण एकवीसशे पंचाऐंशी. १९५१ ची ही एकवीसशे पंचाऐंशीवी गाडी, वर्षभरात साडेसात हजार, म्हंजे वर्षाचा तिसरा हिस्सा पण संपला नव्हता. एप्रिल १९५१ च्या आगेमागे. आरसीवर १९५६.

टीसीवाल्यांसाठी पण देतो. १९४५ मध्ये ८१, १९४६ मध्ये १,६७५, १९४७ मध्ये २,३४६, १९४८ मध्ये ३,०८५, १९४९ मध्ये २,८१३, मिळून बरोबर दहा हजार. नंबर दोन हजाराच्या आत असेल तर १९४६ किंवा आधीची, साधारण ४,३५० पर्यंत १९४७, ७,४०० च्या थोडं पुढंपर्यंत १९४८. टीसीच्या कागदावर १९५२, १९५३ असं दिसलं तर ते नोंदीचंच साल समजा, कारण टीसी १९४९ लाच संपली.

चॅसी नंबर दोन जागी असतो. एक पितळी प्लेट बॉनेटच्या आत, टूलबॉक्सपाशी. दुसरा चॅसीच्या लोखंडावर ठोकलेला, पुढं डाव्या हाताला. प्लेट स्क्रूवर असते, ती एका गाडीवरनं दुसऱ्या गाडीवर जाऊ शकते, म्हणून चॅसीवर ठोकलेला नंबरच खरा माना. आणि कृपा करून ब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्यानं गंज काढायला) देण्याआधी हा नंबर शोधून काढा. रॉकेल, पेंट रिमूव्हर आणि बारीक तारेचा ब्रश, ग्राइंडर लावायचा नाही. मग खडू घासा, आकडे उठतात, आरटीओत सेलोटेप आणि पेन्सिलनं चॅसी प्रिंट घेतात तसा एक प्रिंट घेऊन वहीत चिकटवून ठेवा. एका ओळखीच्या माणसाची टीडी ब्लास्टिंगला गेली आणि आधीच गंजून उथळ झालेले आकडे साफ पुसले गेले. आता तो नंबर परत स्वतः ठोकणं हा गुन्हा आहे, आणि ठोकला नाही तर गाडीला ओळख नाही. चांगल्या गाडीचं असं झालेलं बघून जीव तुटतो.

चॅसीवरनं साल मिळालं म्हंजे काम संपलं असं नाही. सत्तर वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं. म्हणून इंजिनचा नंबर वेगळा वाचायचा. ब्लॉकवर एक अष्टकोनी पितळी टिकली रिव्हेट केलेली असते, तिच्यावर एक्सपीएजी, मग टीडी किंवा टीडी२, मग आकडा. टीसीवर एक्सपीएजी आणि नुसता आकडा. एक्सपीएजी म्हंजे १२५० सीसी, बोअर ६६.५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी. टीएफच्या शेवटच्या काळात १५०० आली, तिला एक्सपीईजी.

आता पार्ट कुठं कुठं बदलले ते बघा म्हंजे आमच्या तीन फॉल्टचा उलगडा होईल.

क्लच. इंजिन नंबर ९४०८ पासनं टीडी२ सुरू झालं आणि क्लच सव्वासात इंचावरनं आठ इंचाचा झाला. आमचं इंजिन त्याच्या आधीचं, नुसतं टीडी. म्हणून आठ इंची प्लेट फ्लायव्हीलवर बसायचा प्रश्नच नव्हता. आधी कुणीतरी मला "फ्लायव्हील फेस करून घे, बसेल" असा सल्ला दिला होता, तो मी ऐकला नाही हे बरं झालं.

गॅस्केट. जुन्या हेडमध्ये आणि ब्लॉकमध्ये पाण्याची भोकं लांबट, केळ्याच्या आकाराची असतात. इंजिन नंबर २२७३५ पासनं, म्हंजे साधारण १९५२ च्या शेवटी, नवीन हेड आलं, त्यात ती भोकं गोल झाली, आणि टीएफमध्येही गोलच. मला आलेलं गॅस्केट गोल भोकांचं. लांबट भोकावर गोल भोकाचं गॅस्केट ठेवलं की भोकाचा काही भाग झाकला जातो, पाणी वर जायला वाट कमी, मागच्या सिलिंडरकडं उष्णता साठते, आणि गॅस्केटची ती कड खाली वर कशाचाच आधार नसताना गरम पाण्यात लटकत राहते. ती फुगते, तांबं उचकटतं, आणि पाझर सुरू. बोल्ट कितीही आवळा, हेड कितीही घासा, उपयोग शून्य. तीन वेळा हेच झालं माझं. जुनं गॅस्केट मी आधीच टाकून दिलं होतं, ते शेजारी ठेवून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. जुनं गॅस्केट, कितीही फाटकं असो, नवीन शंभर किलोमीटर पळेपर्यंत खिळ्याला लटकवून ठेवा.

हेडवर कास्टिंग नंबर पण असतो, जुन्या हेडवर २२९५२, नंतरच्या टीडीच्या हेडवर १६८४२१. इंजिनची टिकली काही का म्हणेना, हेड बदललेलं असू शकतं, म्हणून हेडवरचा नंबर वाचा, आणि हेड काढलेलं असेल तर सरळ डोळ्यानं भोकं बघा. ब्लॉकची आणि हेडची दोन्हीची. एक जुनं आणि एक नवं अशी खिचडी निघाली तर गॅस्केट मागवायच्या आधी दोन्हीचे कागदावर छाप घेऊन पाठवा.

प्लग. जुन्या हेडला अर्धा इंच रीचचा (आट्यांच्या भागाच्या लांबीचा) प्लग, नंतरच्याला पाऊण इंच. मी सालावर विश्वास ठेवून पाऊण इंची घातले. सव्वासहा मिमी आटे आत ज्वाळेत उघडे राहिले, त्यावर कार्बन बसला, आणि काढताना तो कार्बन टॅपसारखा हेडचे आटे कापत बाहेर आला. शिवाय ती टोकं लाल होतात आणि चढावर इंजिन टिकटिक करतं, ते जांबोटीच्या रस्त्यावर मला ऐकू आलं होतं, मी टायमिंगला दोष दिला. चारही भोकांत इन्सर्ट घालावे लागले. ज्यांच्याकडं अशी गाडी आहे त्यांनी आजच एक प्लग काढून, तो आणि हेडच्या आट्यांची खोली व्हर्नियरनं मोजून घ्या. अर्धा इंच म्हंजे १२.७ मिमी, पाऊण म्हंजे १९.

थोडक्यात आमच्या गाडीचं चॅसी १९५१, इंजिन १९५१, हेड जुनं, सगळं एकमेकाला जुळतंय, फक्त कागद वेगळं बोलत होता. योग्य गॅस्केट टाकल्यावर गाडी उन्हाळ्यात पण गरम झाली नाही. पाणी मात्र बोअरचं घातलं नाही, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं वर्षभरात आत पांढरा थर धरतो, डिस्टिल्ड आणि कूलंट. पहिल्यांदा पूर्ण गरम करून थंड झाल्यावर हेड परत एकदा टाईट करून घेतलं.

साल पक्कं करायला आणखी एक मजबूत साक्षीदार आहे, लुकास, गाडीचे इलेक्ट्रिकचे पार्ट बनवणारी इंग्रजी कंपनी. डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर यांच्या अंगावर लुकासनं महिना आणि साल ठोकलेलं असतंय, बारीक आकड्यांत. आमच्या डायनॅमोवर १९५१ चा दुसरा महिना, डिस्ट्रिब्युटरवर पण त्याच्या आसपासचा. गाडी एप्रिलची, पार्ट थोडे आधीचे, असंच असायला पाहिजे. पार्ट गाडीच्या नंतरचा निघाला तर तो बदललेला. सगळेच पार्ट गाडीच्या नंतरचे निघाले तर चॅसी नंबर परत वाचा, तुमच्या वाचण्यातच चूक असेल. बाहेरनं पण अंदाज येतो: टीडीच्या पहिल्या सुमारे पाचशे गाड्यांना चाकांच्या बिनभोकांच्या लोखंडी डिस्क, त्यानंतर भोकांच्या. मागचे दिवे शेवटच्या काळात, चॅसी नंबर २१३०३ पासनं, गोल झाले. पण दिवे आणि डिस्क कुणीही बदलू शकतं, म्हणून ते शेवटी बघा.

भारतात याच्यात अजून एक वळण आहे. एक्सपीएजी हे मूळ मॉरिस टेनच्या इंजिनवरनं वाढवलेलं, आणि मॉरिस टेन आपल्याकडं हिंदुस्तान टेन म्हणून आली. तिचं इंजिन एक्सपीजेएम, ११४० सीसी. बाहेरनं सख्खा भाऊ दिसतो. ज्या काळात एमजीचा पार्ट मिळत नव्हता त्या काळात मिस्त्री लोकांनी हे इंजिन एमजीत टाकणं साहजिक होतं, निपाणीकडच्या एका टीसीत मी ते स्वतः बघितलंय. मालकानं एक्सपीएजीचे पिस्टन मागवलेले, आणि ते बोअरमध्ये जाईनात. जाणार कसे, त्याचा बोअर ६३.५ मिमी. पिस्टन मागवण्याआधी बोअर मोजा, टिकलीवर विसंबू नका, कारण टिकली रिव्हेटची आहे, ती पण एका ब्लॉकवरनं दुसऱ्यावर जाते.

आणि आट्यांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाऊ शकत नाही, कारण यातच सगळ्यात जास्त ब्लॉक मरतात. हे इंजिन इंग्रजी पण आटे मेट्रिक आहेत. मॉरिसनं १९२३ मध्ये कोव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनचा कारखाना घेतला, तिथली यंत्रं फ्रेंच मापांची, ती तशीच चालू ठेवली, पण इंग्रज मिस्त्र्याचा पाना चालावा म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ, म्हंजे जुन्या इंग्रजी मापाची, ठेवली. त्यातनं हा प्रकार झाला: आठ मिमीचा बोल्ट, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, आणि डोक्याला पाव इंची व्हिटवर्थचा पाना. आपल्याकडचा तेराचा पाना जात नाही, चौदाचा ढिला होतो आणि कोपरे मारतो. त्याहून वाईट म्हंजे गल्लीतल्या दुकानात "आठचा बोल्ट द्या" म्हटलं की सव्वा पिचचा मिळतो. तो दोन फेरे हातानं जातो, मग घट्ट होतो, आणि पोरगं पान्यानं जोर लावतं. संपला कास्टिंगचा आटा. दोन फेऱ्यांनंतर अडकला तर काढा, पिच गेज लावा. आठ बाय एकचे टॅप आणि डाय मिळतात, मी एक सेट फक्त या गाडीसाठी वेगळा ठेवलाय, बोल्ट इएन८ पोलादातनं लेथवर करून डोकी व्हिटवर्थ मापाला मिलिंग करून घेतो. आणि इंजिन सोडून चॅसी, बॉडीकडं गेलात की तिथं बीएसएफ, म्हंजे इंग्रजी मापाचे बारीक आटे. एकाच गाडीत दोन दुनिया. डब्यांवर नावं लिहून बोल्ट वेगळे ठेवा.

साल काढून झालं की मग प्रश्न येतो, गाडी उभी करण्यासारखी आहे काय. माझं स्पष्ट मत: आपल्या भागात पहिली गाडी म्हणून टीडी घ्या. इंजिनचं सगळं काम उद्यमबागेत होतं, बोअर करणं, स्लीव्ह घालणं, क्रँक ग्राइंड करणं, तुटलेल्या ब्रॅकेटचा पॅटर्न करून कास्टिंग काढणं, हे हात आपल्याकडं पिढ्यांचे आहेत. पार्ट पण बाहेरच्या देशांत अजून नवे बनतात, फक्त बरोबर नंबर सांगावा लागतो. टीसी दिसायला जास्त देखणी, १९ इंची तारांची चाकं, मन जातंच, पण त्या चाकांचे स्पोक सरळ करणारा माणूस शोधण्यातच वर्ष जातं.

टीडीत इंजिनपेक्षा मला लाकडाची भीती जास्त वाटते. बॉडी म्हंजे अॅशच्या लाकडाचा सांगाडा आणि वर पत्रा. खानापूरच्या पावसात शेडमध्ये राहिलेल्या गाडीचा पत्रा चकचकीत असू शकतो आणि आत सांगाडा भुसा झालेला. दार मागच्या बाजूला बिजागरीवर उघडतं, त्यामुळं दाराचं सगळं ओझं दारामागच्या लाकडी खांबावर. दार उघडून वर उचलून बघा. दार खांबासकट हलत असेल तर खांब गेला. मग टोच्या घेऊन बुडाच्या लांब पट्ट्या, सीटमागचा भाग, फ्लोअरच्या कडा टोचत जा, टोच्या सहज आत गेला की समजायचं. रबरी मॅटखाली तर नक्कीच बघा, पाणी तिथंच अडकतं. अॅश इथं मिळत नाही, आम्ही जुना सागवान वापरला, वाड्याच्या तुळईचा. सुतारमामांनी कुजलेला प्रत्येक तुकडा फेकायच्या आधी पुठ्ठ्यावर उतरवून घेतला, मी घाई करत होतो तेव्हा म्हणाले, "थांबा की वो, माप गेलं तर लाकूड काय कामाचं." सागवान तेलकट असतो, डिंक धरत नाही, म्हणून चिकटवायच्या आधी जोड थिनरनं पुसून लगेच चिकटवायचं. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस.

चॅसी टीडीची जाड, सहसा वाचते, पण मागच्या बाजूला आणि जिथं चिखल साठतो तिथं हातोडीनं ठोकून आवाज ऐका. ठण्ण आवाज पाहिजे. भदभद आला तर आत पत्रा पातळ झालाय. चॅसी गेलेली, लाकूड गेलेलं आणि इंजिन पण दुसरंच, असं तिन्ही असेल तर ती गाडी पार्टसाठी घ्या आणि भाव तसाच द्या.

जॅग्वार आणि ट्रायम्फवाल्यांसाठी थोडंसं, कारण सालाचा घोळ तिथं पण महाग पडतो. जॅग्वार एक्सके१२० ऑक्टोबर १९४८ ला लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात दाखवली, पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी अॅल्युमिनिअमची, १९५० मध्ये लोखंडी पत्रा आला. साधं लोहचुंबक खिशात ठेवा. दरवाज्याला, बॉनेटला चिकटत नाही म्हणून लगेच उड्या मारू नका, मडगार्डला लावा, कारण लोखंडी बॉडीच्या गाडीतही ते दोन भाग अॅल्युमिनिअमचे आहेत. ट्रायम्फ टीआर२ ला चॅसी नंबर टीएस४००२ पर्यंत दार लांब, खालच्या कडेपर्यंत येणारं, त्यानंतर आखूड. दार मागवताना साल सांगू नका, टीएस नंबर सांगा. तिचं इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीचं, वेट लायनरचं (सिलिंडरच्या सुट्या नळ्या, बाहेरनं थेट पाणी), त्याच घराण्याचं इंजिन जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्ये होतं, त्यामुळं ट्रॅक्टरचं काम केलेला आपल्याकडचा जुना मिस्त्री ते इंजिन बघून घाबरत नाही.

कागदाचं काय करायचं, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. १५ जुलै २०२१ ला केंद्राचे विंटेज गाड्यांचे नियम निघाले. पहिल्या नोंदीपासनं ५० वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपातली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. नवीन नोंदीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पुन्हा नोंदीला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढं व्हीए येतं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी चालवता येत नाही. इथं ५० वर्षं पहिल्या नोंदीपासनं मोजतात, म्हणून आमच्यासारख्या कागदावर १९५६ असलं तरी गाडी बसतेच, वयाची अडचण नाही. अडचण येते ती चॅसी किंवा इंजिन नंबर कागदाशी जुळत नाही तिथं. म्हणून अर्ज करायच्या आधी चॅसी प्रिंट, इंजिनच्या टिकलीचा फोटो, लुकासच्या तारखांचे फोटो आणि जुन्या पावत्या एकाच फाईलमध्ये लावा. जुनं मुंबई राज्यातलं पुस्तक, कितीही जीर्ण असो, लॅमिनेट करू नका, मागचे शिक्के वाचता आले पाहिजेत. ब्रिटनमध्ये एमजी कार क्लबचं टी गाड्यांसाठी वेगळं टी रजिस्टर आहे, त्यांना चॅसी नंबर लिहून विचारा. उत्तर आलं तर ते पण फाईलला लावा. एमजीए किंवा त्यानंतरची गाडी असेल तर इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडनं उत्पादनाच्या तारखेचा दाखला विकत मिळतो.

पार्ट मागवताना मी आता साल लिहीतच नाही. चॅसी नंबर, इंजिन नंबर टीडी किंवा टीडी२ सकट, हेडचा कास्टिंग नंबर, क्लच मोजून किती इंच, प्लगचा रीच किती, आणि जुन्या पार्टचा फूटपट्टीसकट फोटो, एवढं एका मेसेजमध्ये. गेल्या महिन्यात दादासाठी सव्वासात इंची प्लेट आणि लांबट भोकांचं एक स्पेअर गॅस्केट असंच मागवलं, दोन्ही पहिल्या फटक्यात बरोबर आली. दादा सध्या डाव्या दाराच्या खांबासाठी सागवानाची तुळई शोधतोय, खानापूर किंवा नंदगडकडं कुणी जुना वाडा उतरवत असेल तर मला कळवा, तीन बाय चारची साडेतीन फूट लांब, गाठ नसलेली पाहिजे.